टोपणभर ब्रँडी

भरताची वांगी बाजारात आली. हिरवीगार, अंगावर पांढऱ्या रेघा, एकेक वांगं तान्ह्या मुलासारखं दोन हातांत धरावं लागतं. भाजीवाली म्हणाली, "घ्या बाई, असोद्याची आहेत," आणि मी घासाघीस न करता दोन घेतली. घरी येऊन ओट्यावर ठेवली आणि काही कारण नसताना वर पंख्याकडे बघितलं. बंद होता. म्हणजे थंडी आली. आमच्या जळगावात थंडी अशीच येते, एक दिवस आपण पंखा लावायचा विसरतो. उन्हाचं आम्हाला काही कौतुक नाही, ते घरचंच. थंडी मात्र पाहुणी, तिची सरबराई करावी लागते. बाजरी, तीळ, गूळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि वरच्या फळीवरून खाली उतरवायची ती बाटली.

ती बाटली म्हणजे ब्रँडी. घरात तिची जागा ठरलेली, एका बाजूला एरंडेल, दुसऱ्या बाजूला मध. दारूचं नाव काढलं तर माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, आजही कानांवर हात ठेवतात. पण ब्रँडीचं तसं नाही. ब्रँडी औषध. बाळाची छाती भरली की बोटावर घेऊन चोळायची, बाळंतिणीला कोमट पाण्यातून चमचाभर द्यायची, भिजून आलेल्याच्या तळपायांना लावायची. माझ्या लेकीच्या, गौरीच्या बाळंतपणात मलाही दिली आणि मी डोळे मिटून प्याले. उपासाला चालते का, एवढंच मी अक्कांना कधी विचारलं नाही. बहुतेक चालत असावी.

आता मी पडले विज्ञानाची शिक्षिका. सगळी नोकरी दहावीच्या पोरांना कार्बनी संयुगं शिकवण्यात गेली. फळ्यावर इथेनॉलचं सूत्र लिहायचं, ते शरीरात गेल्यावर काय काय बिघडवतं ते सांगायचं, व्हिस्की, रम, ब्रँडी सगळ्यांत तेच असतं हेही सांगायचं. मागच्या बाकावरची पोरं खिदळायची, मी डस्टर आपटायचे. आणि संध्याकाळी घरी येऊन कोणाला खोकला असला तर काढ्यात दोन टोपणं ब्रँडी टाकायचे. या दोन गोष्टी एकाच डोक्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी राहिल्या आणि त्यांची एकमेकींशी ओळखही झाली नाही. आता बोला! या हिवाळ्यात ती ओळख झाली आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

सगळं सुरू होतं एका जुन्या हिवाळ्यापासून. मी लग्न होऊन असोद्याला आले तो हिवाळा. आमच्या यांची नोकरी तेव्हा धुळ्याला, वीज कचेरीत. शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचे, सोमवारी पहाटे परत. बाकीचे दिवस घरात मी, अक्का आणि सासरे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. नवी नवरी आणि नवरा आठवड्यातून एकदा! मी गोधडीत तोंड खुपसून रडायचे आणि सकाळी डोळे सुजले की सर्दी झाली म्हणून सांगायचे.

नाना प्यायचे. हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं, लग्नानंतरही कोणी सांगितलं नाही. दिवेलागणीला अक्का दारात जाऊन उभ्या राहायच्या आणि एसटीच्या थांब्याकडे बघत राहायच्या, त्यावरून मला कळलं. थांब्याच्या मागे कुठेतरी दारूचा गुत्ता होता. नाना भिंतीला हात लावत लावत यायचे. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. मान खाली घालून जेवायचे आणि झोपायचे. माझ्याशी एक शब्द नाही. मला वाटायचं, सून पसंत नाही यांना.

आणि मग धुळ्याचे आप्पा आले. ते नानांचे जुने मित्र. रावेरहून केळीचा ट्रक घेऊन धुळ्याकडे निघाले की आमच्याकडे चहाला थांबायचे. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढून अक्कांपुढे ठेवली.

"हाई दारू नई शे वहिनी, दवाई शे," आप्पा म्हणाले. "बठ्ठास्ले चालस. नानाले घरमाच दी दखा." सगळ्यांना चालते, नानांना घरातच देऊन बघा, असं त्यांचं म्हणणं.

अक्कांनी बाटली पदरानं धरली, उजेडात वर करून पाहिली. "औषद असन तं देते," म्हणाल्या.

तो वास अजून माझ्या नाकात आहे. पितळी पातेल्यात पाणी, त्यात ठेचलेलं आलं, मिरे, दोन लवंगा, गवती चहाची जुडी. पाणी निम्म्यावर आलं की गुळाचा खडा. गूळ विरघळताना चुलीपाशी असा काही दरवळ सुटायचा की गोठ्यातली गायसुद्धा मान वळवायची. शेवटी लिंबाचे चार थेंब. आणि दोन टोपणं ब्रँडी. बाटलीचंच टोपण माप. वर ताटली झाकायची, औषध उडून जाऊ नये म्हणून.

पहिल्या संध्याकाळी नाना बाहेर पडायला चप्पल शोधत होते. अक्कांनी पदरानं धरून पेला पुढे केला.

"हे कायले?"

"खोकल्याले."

"मले कुठी खोकला हाये?"

"येईन. आता थंडीच हाये."

नाना खाटेवर टेकले. वास घेतला. अक्कांकडे बघितलं, मग पेल्याकडे. प्याले. चप्पल तशीच राहिली.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी आयुष्यात विसरणार नाही. नाना बोलायला लागले! पेला दोन्ही तळहातांत धरून, एकेक घोट घेत, मला हाक मारायचे, "मास्तरीन, ये इकडे." मी बीएस्सी झालेली, त्याचं त्यांना भारी कौतुक होतं हे मला तेव्हा समजलं. विचारायचे, "केयीचं झाड एकदाच घड देतं अन् संपतं. आंबा दरसाल देतो. असं कायले व?" मी सांगायचे, केळीला जमिनीवर खोड नसतंच, ती पानांचीच गुंडाळी असते. ते हनुवटीखाली हात घेऊन ऐकायचे. जन्मभर केळी पिकवलेला माणूस माझ्याकडून केळ ऐकत होता. एकदा मी सुजलेल्या डोळ्यांनी आले तेव्हा म्हणाले, "सर्दी झाली न तुले? दे व हिलेबी अर्धा पेला." आणि अक्का आत गेल्यावर हळूच म्हणाले, "रडू नको, पोरी. हे घर तुहंच हाये."

तो अर्धा पेला घशातून छातीत उतरला आणि मला पहिल्यांदा त्या घरात ऊब वाटली. तेव्हापासून मी त्या घरची झाले. आता मला सांगा, ती माया कोणाची होती? नानांची की टोपणाची?

त्याच हिवाळ्यात शेतात भरीत झालं. आमच्याकडे भरीत घरात होत नाही, शेतातच होतं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी टाकायची, ती सुस्कारे टाकत मऊ पडायची, धुरानं डोळे चुरचुरायचे. बायका हाताला चटके सोसत साली काढतात आणि पुरुष एकेक करून केळीच्या बागेमागे दिसेनासे होतात. परत येतात ते चढ्या आवाजात. त्या दिवशी कोणीतरी हाक मारली, "नाना, चाला!" नाना बायकांच्या घोळक्यात बसून वांगी सोलत होते. म्हणाले, "माहं औषद घरी हाये." सगळे खो खो हसले. अक्का हसल्या नाहीत. हातातली मिरची ठेचत राहिल्या, पण त्यांची मान अशी काही ताठ झाली की मी बघतच राहिले.

होळी आली, ऊन तापलं. खान्देशच्या उन्हात ब्रँडीचा वासही नकोसा होतो. काढा बंद झाला, आणि नाना पुन्हा गुत्त्याकडे फिरकले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात काढा पुन्हा सुरू, उन्हाळ्यात बंद, असं चालत राहिलं. अक्कांचं नाव झालं. शेजारपाजारच्या बायका पदराआड डोळे पुसत यायच्या, "अक्का, तुम्ही नानांची कशी सोडवली?" आणि अक्का पाटावर बसून सांगायच्या, आलं किती, गूळ किती, टोपणं किती. अक्का शाळेत गेल्या नाहीत, त्यांच्या नावावर शेत नाही, त्यांना कोणी हार घातला नाही. नवऱ्याची दारू सोडवली, हीच एक त्यांची कमाई. नाना म्हातारे होऊन शांतपणे गेले. त्यांच्या तेराव्यालाही लोक तेच बोलत होते.

आता इकडे जळगावात या, नानांच्या मागे अक्काही आमच्याकडेच असतात. आमचे हे मागच्या वर्षी निवृत्त झाले. बडबडे ते कधीच नव्हते, पण कचेरी सुटल्यावर पार मुके झाले. संध्याकाळी पायी फिरायला जातो म्हणून निघायचे, हायवेच्या बाजूला. परत यायला उशीर व्हायला लागला. चालणं जरा वेगळं, शर्टाला वास वेगळा. मान खाली घालून जेवायचे आणि झोपायचे. भांडण नाही, तंटा नाही, तक्रार तरी काय सांगणार? आणि एका दिवेलागणीला माझ्या लक्षात आलं, मी गॅलरीत उभी राहून रस्त्याकडे बघते आहे आणि शेजारच्या खुर्चीत बसून अक्का माझ्याकडे बघताहेत. त्या उठून आत गेल्या आणि आलं ठेचायला बसल्या.

ब्रँडी आणायला मीच गेले. दुसरं कोण जाणार? कापडी पिशवी घेऊन दुकानाच्या जाळीसमोर उभी राहिले तर आतला माणूस उठूनच उभा राहिला. "बाई, तुम्ही?" माझा विद्यार्थी! मागच्या बाकावरचाच. मी म्हटलं, "औषधाला हवी आहे." "हो हो बाई, सर्दीला ना?" त्यानं बाटली कागदात गुंडाळून दिली, वर बाहेर येऊन पायाही पडला. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा म्हणाला, "सर्दी कमी नाही का बाई?" त्यानंतरच्या खेपेला त्यानं नुसती बाटली दिली.

पण काय सांगू, काढा लागू पडला. अगदी तसाच! हे फिरायला जायचे बंद झाले. दिवेलागणीला खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसतात, पेला तळहातांत धरतात, आणि बोलतात. जन्मभर ज्या माणसाकडून मी "मीठ दे" आणि "वीजबिल भरलं" याच्यापुढे काही ऐकलं नाही, तो बोलतो! एका संध्याकाळी म्हणाले, "अगं, तू नवी नवी असोद्याला होतीस ना, तेव्हा मी धुळ्याच्या खोलीवर खिचडी करायचो आणि रडायचो. तुला कधी सांगितलं नाही." मी पोळी उलटायची विसरले. पोळी करपली, घरभर धूर. म्हणजे तेव्हा मी इकडे रडत होते आणि हे तिकडे? आणि हे मला या वयात समजावं? मला हसावं की रडावं कळेना. एवढं मात्र पक्कं कळलं की ही संध्याकाळ मला हवी आहे, रोज हवी आहे, काहीही झालं तरी.

अधूनमधून ते म्हणायचे, "आज काढा जरा फिका झालाय." मी एक टोपण वाढवायचे. घसा जुना असेल तर मात्रा वाढवावी लागते, असं मीच मला सांगायचे. हळूहळू टोपण बाजूला राहिलं आणि बाटली नुसती वाकडी व्हायला लागली. हाताला अंदाज असतो ना.

अशात आमची लेक गौरी पुण्याहून चार दिवस आली. ती तिथे एका हॉटेलात नोकरीला आहे. या वेळी तिचं वेगळंच काहीतरी होतं. हॉटेलच्या नव्या मेन्यूत प्रत्येकानं आपापल्या गावचं एक पेय द्यायचं, आणि ही बया खान्देशी कॉकटेल करणार होती. फळीवरची बाटली बघून आनंदानं ओरडलीच, "आई, ब्रँडी आहे की आपल्याकडे!"

मग आमच्या ओट्यावर जो काही पसारा झाला, विचारू नका. अक्का खुर्चीतून सांगताहेत, ही फोनवर टिपून घेते आहे. आलं, मिरे, लवंग, गूळ, लिंबू. तिनं एक केळ सालीसकट गॅसवर भाजलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "बाप्पा! केय काय वांगं हाये?" भाजलेलं केळ कुस्करून गाळलं, गुळाच्या पाण्यात मिसळलं, बर्फ, ब्रँडी, काठावर बोटानं लावलेला किंचित काळा मसाला. उंच काचेच्या पेल्यात ओतून तिनं खिडकीपाशी ठेवलं. संध्याकाळच्या उजेडात ते सोन्यासारखं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. मी एक घोट घेतला. घशातून छातीत तेच उतरलं जे असोद्याच्या त्या खाटेपाशी उतरलं होतं. मी पेला खाली ठेवला.

"म्हणजे हा काढा आणि तुझं ते कॉकटेल एकच का गं?"

"एकच गं आई. गरम दिलं की काढा, गार दिलं की कॉकटेल. दोन्हींत दारू तेवढीच." आणि मग सहज विचारलं तिनं, "बाबांना किती घालतेस तू?"

मी रोजच्यासारखी पेल्यात ओतून दाखवली. तिच्याजवळ मापाचा छोटा स्टीलचा पेला होता. तिनं माझी ब्रँडी त्यात ओतली, बाजूला केली, पुन्हा ओतली, बाजूला केली, पुन्हा ओतली. आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आई, बाबांना तू रोज तीन पेग देतेस."

"अगं, पण ते बाहेर जात नाहीत आता!"

"कशाला जातील?"

गौरी रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "आई, तू विज्ञान शिकवायचीस ना?" आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली.

तेव्हापासून मी नुसती गोंधळून फिरते आहे. भाजीत दोनदा मीठ घालते. काढा द्यावा तर मीच नवऱ्याला पाजणारी. बंद करावा तर हे पुन्हा हायवेला, आणि मला ते मुकं घर परत. शिवाय नानांचं काय? ते सुटले होते की नव्हते? उन्हाळ्यात गुत्त्याकडे फिरकले नाहीत म्हणावं, तर बाटली फळीवर घरातच होती. त्यांना हा काढा लागू पडला असेल तर यांना का नाही? आणि नसेल पडला, तर अक्कांनी आयुष्यभर काय सांगितलं आणि बायकांनी आयुष्यभर काय ऐकलं?

मग मला वाटलं, थांब, याचं उत्तर विज्ञानात आहे. अल्कोहोल पाण्याआधी उकळतं. मला ती शेवटी टाकलेली आठवते, पण रोज कुठे मी चुलीपाशी होते? अक्का जर ब्रँडी उकळतानाच टाकत असतील तर बरीचशी उडूनच गेली असेल, नाना नुसतं गुळाचं पाणीच प्याले असतील. मी अक्कांपुढे बसले. "अक्का, ब्रँडी कधी टाकायच्या तुम्ही? उकळताना की उतरवल्यावर?"

"उतरोल्यावर. अन् वर ताटली."

संपलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "उकयतानाच टाके मी." तिसऱ्यांदा विचारलं तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कधी अशी, कधी तशी." मी हात टेकले. मी वर्गात अशा उत्तराला शून्य देत असे. वयानं विसरल्या म्हणावं, तर मागच्या महिन्यात कोणी किती तीळ उसने नेले ते त्यांना चोख आठवतं.

काल संध्याकाळी मी यांनाच विचारलं. पेला त्यांच्या हातात होता, बोलण्याच्या लहरीत होते. "अहो, नानांची सुटली होती ना?"

हे हसले. त्या हसण्यात मला वासच आला. "सुटली कुठे? गुत्त्यात प्यायचे ते घरी प्यायला लागले, एवढंच. आईनं गुत्ताच घरात आणला."

खुर्चीत अक्का होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांच्या मांडीवर ताटात लसूण होता, तो सोलायचा थांबला. मला वाटलं आता बोलतील, मुलाला फाडकन काहीतरी सुनावतील. पण तीच मान, जी शेतात ताठ झाली होती, ती खाली गेली. लसणाच्या साली त्यांनी हातानं गोळा केल्या, पुन्हा पुन्हा गोळा केल्या. मला यांचा असा संताप आला! आणि त्याच वेळी हेही वाटलं की यांचं खरं असेल तर? त्या हिवाळ्यातले नाना, मला पोरी म्हणणारे, केळीचं विचारणारे, ते नाना नव्हतेच? मग मी कोणाच्या शब्दावर त्या घरची झाले?

आज दुपारभर मी काही ठरवलं नाही. ठरवायचं म्हटलं की डोकं दुखायचं. दिवेलागणीला पातेलं ठेवलं, आलं ठेचलं, मिरे जरा जास्तच घातले. गूळ विरघळला, दरवळ सुटला. बाटली हातात घेतली. टोपण काढलं. आणि काय झालं मला माहीत नाही, टोपण पुन्हा लावलं आणि बाटली फळीवर ठेवून दिली. वर ताटली मात्र झाकली. कशाला झाकली, देव जाणे. उडून जायला त्यात होतं काय?

हे खुर्ची ओढून दारात बसलेच होते. पेला दिला. पदरानं धरून, अक्का द्यायच्या तसा. त्यांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, पण असं बघितलं की मी पोळपाटावर पीठ नसताना लाटणं फिरवायला लागले.

"अगं," ते म्हणाले, "यात काही नाहीये."

तेवढ्यात खुर्चीतून अक्कांचा आवाज आला.

"तोबी असाच पाहे. पहिल्या दिवशी."

आम्ही दोघांनी वळून बघितलं. अक्का भिंतीकडे बघत बोलत होत्या.

"कोण, आई?"

"तुहा बाप. दोन टोपनं व्हती, मंग एक केलं. मंग अर्धं. मंग एक दिवस काहीच नही टाकलं. त्यानं घोट घेतला अन् असाच पाहे माह्याकडे."

"अक्का!" मी ओरडलेच. "मी तीन वेळा विचारलं तुम्हाला!"

"तू इचारलं कधी टाकायची. टाकायचीच का, हे कुठी इचारलं?" अक्का मला म्हणाल्या, आणि मग मुलाकडे वळल्या. "कोनालेच नही सांगितलं. त्यालेबी नही. सांगितलं असतं तं त्याची लाज गेली असती. लोकायले वाटे औषदानं सुटली. वाटू दे."

हे पेला तसाच धरून बसले होते. पेल्यात बघत म्हणाले, "मग? नानांनी काय केलं त्या दिवशी?"

"काय माहीत बाप्पा. मी चुलीकडे तोंड करून बसली. पाहाची हिंमतच नही झाली. मंग पाहिलं तं पेला रिकामा. प्याला का मोरीत ओतला, मले आजलोक माहीत नही."

"आणि तू विचारलंही नाहीस?"

"कायले इचारू? दुसऱ्या दिवशी सांजले आपल्याआपन आला न, पेला मांगाले."

मला एकदम रडू फुटलं आणि ते यांनी बघू नये म्हणून मी गॅसकडे तोंड केलं. पातेल्यात तळाशी थोडा काढा उरला होता, तो ढवळत राहिले. मागे खुर्ची सरकली. हे उठले. दोन पावलं वाजली. फळी माझ्या उजव्या हाताला, बाहेरचं दार डाव्या हाताला. मी डोळे गच्च मिटले.

डबा उघडल्याचा आवाज आला.

"अगं, गूळ कमी पडलाय," हे म्हणाले.